मोरी सोडली

मनकर्णाबाईच्या कानाला फोन होता आणि डोळे खुंट्याकडे. खुंट्याला मोरी बांधलेली होती, मजेत बाभळीच्या शेंगा चघळत होती, आणि फोनवर बाईचा लेक आदिनाथ कोकणातून सांगत होता, "माय, परवा मोरी घावली. जितीच व्हती. सोडून दिली पान्यात."

"कोन्ती मोरी रं?"

"मोरी गं! लय मोठी. जाळं कापावं लागलं."

बाईला काही उमगेना. चुडाव्याजवळच्या त्यांच्या गावात मोरी म्हणजे ही एकच शेळी, मानेवर मोरासारखी निळसर झाक असलेली. ती जन्मली आणि तिची आई मेली, तेव्हा आदिनाथनं बाटलीनं दूध पाजून तिला वाढवलं. तो दोन वर्षांपूर्वी कोकणात मासे धरायच्या होडीवर गेला, त्या दिवसापासून बाईनं मोरीला कळपाबरोबर सोडलं नव्हतं. खुंट्यालाच चारा, खुंट्यालाच पाणी. वेडी समजूत म्हणा, पण मोरी खुंट्याला आहे तोवर लेकही आपला आहे, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

"रेल्वेखालची मोरी म्हनत आसंल," नवरा, येडबा, बाजेवरून बोलला. "तुंबली आसंल, पानी सोडलं आसंल." येडबाला कशाचाही उलगडा व्हायला वेळ लागत नसे, फक्त तो उलगडा दर वेळी चुकीचा निघे.

आदिनाथ पोट धरून हसला; त्याचा आवाज बाजेपर्यंत येत होता. तिकडं मोरी म्हणजे मासा, मोठ्या दाताचा, शार्क म्हणतात तो. "आमी जाळं टाकतो सुरमईसाठी, आन् नको ती बी जात येती. काही जातीच्या मोऱ्या धरायला बंदी हाय. चुकून घावली तर जिती सोडायची, जाळं कापावं लागलं तरी. फोटो काढून ठेवला तर सरकार जाळ्याची भरपाई देतंय."

"आन् मेलेली निघाली तर?" बाईनं विचारलं.

"तरी बी आनायची न्हाई. पान्यातच टाकायची."

"आन् ती मानूस खाती म्हन्त्यात ना?" येडबानं मध्येच विचारलं.

"खाऊ दे न्हाईतर न खाऊ दे. सोडायची."

"हे तर लांडग्यावानीच झालं," येडबा करवादला. "त्यानं आपली मेंढरं न्यायची आन् आपन त्याला हात लावायचा न्हाई. सरकारला दातवाल्यांचंच लय कौतिक."

मग बाईनं दर वेळचा प्रश्न विचारला, "तू कवा येतूस?" आणि दर वेळचंच उत्तर आलं, "तांडेल सोडंना गं माय." तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. दिवाळीला तो सोडत नव्हता, चुलत बहिणीच्या लग्नाला त्यानं सोडलं नव्हतं. पावसाळ्यात तिकडं मासेमारी बंद असते असं बाईनं ऐकलं होतं, तर तेव्हाही हा बाबा सोडत नव्हता. न पाहिलेल्या त्या माणसाला तिनं दोन वर्षांत इतके शिव्याशाप दिले होते, की लागले असते तर होडी कधीच बुडाली असती.

दुसऱ्या दिवशी मेंढरांमागं हिंडताना तिच्या डोक्यात तो कायदा फिरत राहिला. जी जात जाळ्याला नको, ती चुकून आली तर जिती सोडायची. मग आदिनाथ कोण? मेंढरं राखणाऱ्याचं पोर, पूर्णेच्या पाण्यात गुडघ्यापुढं कधी गेलं नाही, माशाच्या वासानं ज्याला मळमळायचं. चुकूनच गेला होता की तो! जनावराला जो न्याय, तो माणसाला का नाही?

मागं एकदा आदिनाथनं तांडेलाच्या फोनवरून फोन केला होता. तो नंबर शेजारच्या दैवशालानं जपून ठेवला होता. बाईनं तिच्याकडून लावून घेतला आणि तिकडून आवाज येताच सुरू झाली.

"दादा, मी आदिनाथची माय बोलायले. तुमी मोरीला सोडता ना? जाळं कापून सोडता. मग माज्या लेकाला का सोडंनात? त्यो तुमच्या कामाचा न्हाई, चुकून आलाय. जिता हाय तवर सोडा त्याला."

"आई," तांडेल हळूच म्हणाला, "आदिनाथला कोणी धरलंय? दिवाळीला मीच म्हटलं, घरी जाऊन ये. गेला नाही. पावसाळ्यात होड्या बंद, सगळे आपापल्या गावी जातात. हा एकटा इथं जाळी शिवत बसतो. मी विचारलं तर हसतो नुसता."

"काय म्हनले?" दैवशालानं विचारलं. बाईनं फोन तिच्या हातात परत दिला. कायदा बरोबर होता, मागणी बरोबर होती, माणूसही भला निघाला, आणि तरी सगळं चुकलं होतं. ज्याला कोणी धरलंच नाही त्याला सोडवायचं कसं? त्याचं आपण काय बिघडवलं? की काहीच बिघडलं नाही, नुसता त्याचा जीव तिकडं रमला?

घरी येऊन तिनं मोरीचं दावं सोडलं. मोरी कळपात गेली नाही. दोन पावलं टाकून पुन्हा खुंट्यापाशी येऊन बसली. बाईला तेही कळेना.

रविवारी आदिनाथचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. बाईनं या वेळी विचारलं नाही, तर त्यानं आपणहून सांगितलं, "यायचं लय मनात हाय गं माय, पन तांडेल सोडंना."

बाईनं डोळ्याला पदर लावला.

"आसू दे बाबा," ती म्हणाली. "कायदाच आसंल तसा."