मोनोक्रोमवर ठेवलेला कॅमेरा

महाडात मी आणि प्रकाश दोघे फोटोवाले. लग्नं-बारशी हे पोट, ब्लॅक अँड व्हाइट ही हौस. कार्ड भरलं की फॉरमॅट मारता येतं, किश्श्यांचं तसं होत नाही. नको असलेलेच जास्त टिकतात.

एकदा थंडीत सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर वाफेचे फोटो काढायला गेलो. प्रकाश म्हणे एक्स्पोजर वाढव. मी म्हणे वाफ पांढरीफटक होईल, कमी कर. आमचं ठरेपर्यंत ऊन चढलं आणि वाफ दिसेनाशी झाली. तिथं आंघोळीला आलेला एक म्हातारा अंग पुसत म्हणाला, "माझी आंघोळ झाली. तुमचं काय व्हायचं हाय अजून?"

मोनोक्रोममध्ये, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटमध्ये, लाल फिल्टरचं सेटिंग असतं. त्यानं आभाळ काळं होतं, चेहरा उजळतो. एका सावळ्या मुलीच्या आईला स्थळांकडे पाठवायला फोटो हवा होता, जरा उजळ. मी लाल फिल्टर लावून काढून दिला. वर कलाकारी केल्याचा आनंद. फोटो बघून पाहुणे आले आणि मुलगी बघून चहा न घेता उठले. महिन्याभरानं ती एकटीच दुकानात आली. तोच फोटो काउंटरवर ठेवला.

"दादा, स्थळ हिला आलं होतं. आता माझा काढा."

प्रकाशनं हिरकणीवाडीत ताक विकणाऱ्या एका आजीचा फोटो काढला होता. कॉन्ट्रास्ट शेवटपर्यंत चढवलेला, सुरकुती न् सुरकुती कोरून काढलेली. पुण्यातल्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. प्रत घेऊन तो कौतुकानं आजीकडे गेला. तिनं फोटो लांब धरला, जवळ धरला.

"मी तर हसत व्हते रे," म्हणाली.

प्रकाश त्यानंतर हिरकणीवाडीला गेलेला नाही.

कॅमेऱ्यात फोटो रॉमध्ये, म्हणजे कच्च्या, जड फाइलमध्ये ठेवला तर मोनोक्रोम असूनही रंग आत शाबूत राहतात. नुसता जेपीईजी ठेवला तर कायमचे जातात. कार्डात जागा वाचावी म्हणून मी रॉ बंद ठेवायचो. तसाच एका पावसाळ्यात कुडपण गावी गेलो आणि नाचणी लावणाऱ्या एका बाईचा फोटो काढला. तिच्या नवऱ्याला, धोंडूबाबांना, एक प्रत पाठवून दिली.

यंदा ती गेली. धोंडूबाबा एसटीनं महाडला आले, पिशवीतून तीच प्रत काढली. तिचा दुसरा फोटोच नव्हता. म्हणाले, भिंतीवर राखेसारखी दिसते, रंगीत करून द्या.

रंग आता त्यात नाहीत, हे मी सांगितलं. पण कॉम्प्युटरवर भरता येतील म्हणालो, आणि साडी कुठल्या रंगाची होती ते विचारलं.

त्यांनी फोटोतल्या पदरावरून बोट फिरवलं. मग मुंबईला लेकीला फोन लावला. ती म्हणाली, हिरवी असेल. धोंडूबाबांनी मान हलवली. हिरवी नव्हती, एवढं त्यांना नक्की माहीत होतं.

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"मी बैलांमागं व्हतो. तुमी तर एक डोळा मिटून तिच्याकडंच बघत व्हतात. तुमीच सांगा, कुठली व्हती?"