खारदांड्याचा डफ आणि मी जामीन

शनिवारी सकाळी मी एका परदेशी कलावंताच्या वाद्यावर बसलो.

बसलो म्हणजे हातात चहाचा कप घेऊन, चांगला ऐसपैस. धूळ नको म्हणून बायकोने सोफ्यावर चादर टाकली होती आणि चादरीखाली देवजीचं रावान (आपल्या डफाचा मॉरिशसमधला चुलतभाऊ, लाकडी कडं आणि त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं) होतं. फट् असा आवाज झाला. आधी मला वाटलं, माझंच काहीतरी गेलं.

देवजीचे पणजोबा मालवणाकडून मॉरिशसला उसाच्या मळ्यावर गेले ते तिथलेच झाले. देवजी तिकडच्या एका वाद्यवृंदात वाजवतो. आमच्या मुलुंडच्या भजनी मंडळाने त्या सगळ्यांना बोलावलं आणि घरोघरी एकेक पाहुणा वाटून दिला. बाकीचे परत गेले. हा दोन दिवस मुंबई बघायला मागे राहिला होता आणि आज रात्रीच्या विमानाने निघणार होता. परवा त्याच्या मुलीचं लग्न. मुलगी घराबाहेर पडेल ती बापाच्या वाजवण्यावरच, असा त्याने तिला शब्द दिलेला.

"घरी दुसरं नाही?" मी विचारलं. आमचं बोलणं हिंदीत चालायचं. त्याची हिंदी सिनेमातली, माझी ऑफिसातली.

"आहे. प्लॅस्टिकच्या कातड्याचं. ते वाजवलं तर बायको म्हणेल, बादली बडवतोयस."

बायका सगळीकडे सारख्याच, हे परदेशाबद्दलचं माझं पहिलं निरीक्षण. ते मी घरात बोललो नाही.

बायको मला एवढंच म्हणाली, "अहो, विक्रोळीच्या सावंत मास्तरांकडे जा. आणि रिक्षात तरी ते मांडीवर घ्या, खाली नको."

ऊन फार म्हणून मी टोपी घातली, गळ्यात आमच्या मुलीचा कॅमेरा अडकवला आणि निघालो. देवजी लेंग्यात, पायात माझ्या चपला, रंगाने रूपाने थेट कुडाळच्या बाजारातला. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि देवजीला हिंदीत विचारलं, "दादा, पाहुणे कुठले?"

"मॉरिशस," देवजी प्रामाणिकपणे म्हणाला.

"वाटलंच! टोपीवरनं कळतं ना," रिक्षावाला म्हणाला, आणि विक्रोळीपर्यंत मला 'सर, फॅक्टरी', 'सर, खाडी' असं इंग्रजीत दाखवत राहिला. मीही मान डोलावली. तिथे मी पस्तीस वर्षं भाजी घेतोय, हे सांगायची हिंमत झाली नाही.

सावंत मास्तर चाळीतल्या एका खोलीत तबले, ढोलक्या मढवतात. त्यांनी रावान उजेडात धरलं, फाटलेल्या जागेतून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्येच्यार म्हस बसली काय रे?"

"साधारण तसंच," मी म्हणालो.

"नवा चामडा सुकाक दोन दिस व्हये. ओला नेलास तर इमानातच ढिला पडतला."

मी देवजीला हे हिंदीत सांगायला तोंड उघडलं, तर त्याचा चेहरा आधीच पडलेला. त्याला कळलं होतं! आठवडाभर माझ्या स्वच्छ मराठीतला एक शब्द त्याच्या डोक्यात शिरला नव्हता.

"जेवलस काय रे?" मास्तरांनी त्याला विचारलं.

"जेवलंय," देवजी म्हणाला आणि स्वतःच दचकला. त्याची आजी रोज असंच विचारायची म्हणे. मग दोघं बोलत बसले. मुलुंडात जन्मलेला मी, निम्मं कळत नाही म्हणून भिंतीवरच्या ढोलक्या मोजत राहिलो.

शेवटी मास्तर म्हणाले, "खारदांड्याक जा. थय हिराबाय आसा. तिच्या घोवाचो (नवऱ्याचा) डफ गेल्या वर्षी मीयाच मढवलंय. दिल्यान तर दिल्यान."

खारदांड्याला पोचेपर्यंत तीन वाजले. कोळीवाड्याच्या गल्लीत मासळीचा वास इतका दाट की हाताने बाजूला सारून पुढे जावं. हिराबाई दारात बसून सुकट निवडत होत्या. आत भिंतीवर डफ टांगलेला. मी घसा खाकरून सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी म्हणालो, "विकत दिलात तर उपकार होतील."

"घरचा बाजा इकीत नाय आमी," हिराबाई मान वर न करता म्हणाल्या. "नवरा गेला तवा पन नाय इकला. जा."

वाट लागली. सहाला विमानतळ गाठायचा होता. मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात देवजी चपला काढून सरळ आत गेला. भिंतीवरचा डफ त्याने दोन्ही हातांनी उतरवला आणि पेटलेल्या स्टोव्हच्या ज्योतीवर धरला.

"अरे, जळेल ना!" मी ओरडलो.

हिराबाई उठून उभ्या राहिल्या. देवजी डफ हळूहळू फिरवत होता, मध्येच कानाशी नेऊन नखाने टिचकी मारत होता. पुन्हा ज्योत, पुन्हा टिचकी. त्याच्याकडे रावान असंच तापवून वाजवतात, हे मला मागाहून समजलं.

"ओरडतो कशाला रं टोपीवाल्या?" हिराबाई म्हणाल्या. "डफ तापवल्याबिगर बोलतो का कदी? आमचा घरवाला असाच तापवायचा. असाच कानाला लावायचा."

डफ बोलला. एकदाच थाप पडली आणि शेजारच्या दोन बाया दारात आल्या.

"पोरीचं लगीन हाय ना? ने," हिराबाई म्हणाल्या. "इकला नाय, दिलाय. शिमग्याला हितं पायजे. तवर तुजा ह्यो फाटका भिंतीला ऱ्हाईल. आनि ह्यो जामीन." जामीन म्हणजे मी. "तू नाय आलास तं याला होलीत नाचवू."

"येतंय," देवजी म्हणाला आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

विमानतळाच्या दारात बायको त्याचं सामान घेऊन थांबली होती. त्याने डफ छातीशी धरला होता. सामानात टाकायला तयारच नव्हता. आत जाताना त्याने मला मिठी मारली आणि माझी टोपी सरळ केली.

आयुष्यात मी लांबचा प्रवास फारसा केला नाही. पण मुलुंडहून खारदांड्याला जाताना मालवण लागतं आणि पुढे मॉरिशस, हे कुठल्या नकाशात आहे?

सोमवारी संध्याकाळी देवजीचा व्हिडिओ आला. अंगण, हिरव्या साडीतली मुलगी, पुढे डफ वाजवत उलटा चालणारा बाप. मी तो चार वेळा पाहिला. पाचव्या वेळी बायकोने माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला आणि म्हणाली, "डोळे पुसा आता. आपली पोरगी अजून अकरावीत आहे."