काकूंच्या नावानं गेलेलं बोलावणं

अमरावतीच्या ज्या दैनिकात मी आठ वर्षं डेस्कवर होते, त्याची पानं कमी झाली तेव्हा माझी नोकरीही गेली. मग मी लहान व्यावसायिकांची फेसबुक पेजं सांभाळू लागले. एक साड्यांचं दुकान, एक दातांचे डॉक्टर आणि अकोल्याच्या काकू. काकू घरी कुरड्या, पापड, शेवया करून विकायच्या. नवरा वारलेला, एकुलती मुलगी पातूरला शाळेत शिकवायची.

पहिल्यांदा मी त्यांच्यासाठी लिहिलं, ‘पारंपरिक चवीचा अस्सल आनंद, आता आपल्या घरी.’ काकूंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“हे कोण बोलून राहिलं वं? मी तं अशी बोलत नाही.”

तेव्हापासून मी फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून त्यांच्यासमोर ठेवू लागले. त्या गहू निवडता निवडता बोलायच्या आणि मी ते त्यांच्याच भाषेत उतरवायचे. लोकांना ते फार आवडलं. पुण्या-मुंबईला गेलेले आपल्याकडचे लोक खाली लिहायचे, की घरचं कुणी बोलल्यासारखं वाटलं. उन्हाळ्यात कुरड्यांसाठी गव्हाचा चीक शिजवला, की काकू गल्लीतल्या लोकांना तो गरम गरम खायला बोलवायच्या. ते बोलावणं पेजवर जायला लागलं, तशी लांबची माणसंही वाटी घेऊन येऊ लागली.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर काकूंचं पोट दुखू लागलं. नागपूरला तपासण्या झाल्या, तोवर आजार फार पुढे गेला होता. पेजवर तब्येतीबद्दल दोन ओळी लिहू का, असं मी विचारलं.

“कोणाले सांगू नोको,” त्या म्हणाल्या. “लोकं कीव करून घेतीन. मले तसं गिऱ्हाईक नाही पायजे.”

त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या दोघी शेजारणी उन्हाळ्याचं काम उचलणार होत्या. काकूंचा जीव मात्र पेजमध्ये होता. फेब्रुवारीतल्या एका दुपारी तक्क्याला टेकून त्यांनी मला उन्हाळाभराच्या पोस्ट सांगितल्या. घोटभर पाणी प्यायच्या, डोळे मिटायच्या, पुन्हा बोलायच्या. मी घरी येऊन त्यातला खोकला गाळला, मधलं थांबणं गाळलं, वाक्यं जोडली आणि शेजारणींनी ठरवलेले दिवस बघून त्या पोस्ट सकाळी सात वाजता आपोआप जातील अशा लावून ठेवल्या.

एप्रिलमध्ये एका सकाळी सहाला मुलीचा फोन आला. “आई गेली,” एवढंच ती म्हणाली. मी मिळेल त्या एसटीत बसले. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा पर्समधला फोन सारखा थरथरतोय हे लक्षात आलं. काढून पाहिलं, तर काकूंची पोस्ट तासाभरापूर्वीच गेली होती.

‘आज चीक शिजवून राहिलो आमी. ज्याले गरम खायाचा त्यानं वाटी घेऊन यावं. मी आहो घरीच.’

खाली लाल बदाम पडले होते. कुणी लिहिलं होतं, ‘काकू, येतेच.’ मी तिथंच ती पोस्ट काढून टाकली. डेस्कवर असताना निधनाची साधी दोन ओळींची बातमीसुद्धा घरच्यांना विचारल्याशिवाय मी कधी लावली नव्हती.

अकोल्याला पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. फाटकाशी एक निवृत्त शिक्षिका उभ्या होत्या. दुसऱ्या टोकाच्या वस्तीतून ऑटोनं आल्या होत्या. त्यांच्या हातात स्टीलची वाटी होती, वर ताटली झाकलेली. समोर तिरडी बांधणं चाललं होतं आणि त्या ती वाटी पदराखाली लपवायला बघत होत्या. काकूंची मुलगी बाहेर आली. तिनं त्यांचा हात धरला.

“आईनंच बोलावलं न तुमाले,” ती म्हणाली. “आत या.”

त्या बाई दारातच बसून रडल्या. माझी त्या दिवशी मुलीसमोर जायची हिंमत झाली नाही.

तेरवी झाल्यावर तिचाच फोन आला. मी माफी मागायला लागले, तर तिनं मला थांबवलं.

“मी ते सात वाजताच वाचलं,” ती म्हणाली. “आई खोलीत ठेवली होती, अन् फोनवर म्हणून राहिली, मी आहो घरीच. मले घडीभर खरंच वाटलं, ताई. मी उठून स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं.”

मग तिनं फेब्रुवारीतल्या त्या दुपारचं रेकॉर्डिंग मागितलं, काही न गाळता. मी सगळं पाठवलं. पाठवण्याआधी ऐकलं, तर एका जागी काकू थांबून विचारत होत्या, ‘थकली का वं तू?’ तेही मी खोकल्याबरोबरच गाळून टाकलं होतं.

आठवड्यानं मुलीनं लिहिलं, की दोन मिनिटं ऐकलं, पुढचं ऐकवत नाही. राहिलेल्या पोस्ट मी काढून टाकल्या. पेजवर त्यांच्या जाण्याची बातमी माझ्या वर्तमानपत्री मराठीत लिहिली. तरी कुरड्यांसाठी विचारणा येतच राहते. त्या दोघी शेजारणींनी आता स्वतःचं काम सुरू केलंय. आमचं पेज तूच सांभाळ, म्हणतात. मी अजून त्यांना हो म्हटलेलं नाही.