वहिनीच्या वाट्याची माफी

आमचा दादा चष्म्याच्या दुकानात दिवसभर मूग गिळून बसतो. गिऱ्हाइकाला नंबर सांगतो, किंमत सांगतो, संपलं. त्याला वाचा फुटायची ती ब्लॉगवर. लेक बालवाडीत असताना सुरू केलेला ब्लॉग, ती नोकरीला लागली तरी चालूच होता.

नाव दादाचं, माल सगळा वहिनीचा. वहिनी लाँड्रीच्या काउंटरवर असते. तिथे कपड्यांपेक्षा गोष्टीच जास्त येतात. संध्याकाळी चहा पिताना ती सांगू लागली की दादा फोन काढायचा. "थांब, परत सांग!" आणि वहिनी हौसेनं परत सांगायची.

मग ती गाडीच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाली. त्यावर दादानं फक्कड लिहिलं. काउंटरवर येणारा जो तो विचारू लागला, "आता चौथ्यांदा कधी?" तिनं स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नाही. पण नवऱ्याला सांगणं तेव्हाही थांबवलं नव्हतं.

ते थांबलं तिच्या आईच्या आजारपणात. म्हातारी लेकीचा हात धरून म्हणाली, "बाई, तुम्ही फार चांगल्या आहात. माझी मुलगी का येत नाही हो?" वहिनीनं घरी येऊन, चपलाही न काढता, दारातच दादाला हे सांगितलं. दादानं तेव्हा फोन काढला नाही. आठवड्यानं मात्र ते ब्लॉगवर आलं. लोक ढसाढसा रडले. मी खाली लाल बदामाचं चिन्ह टाकलं, त्याची आज मला लाज वाटते. लाँड्रीत एक बाई शर्ट घेता घेता वहिनीला म्हणाली, "तुमच्या आईचं वाचलं हो." वहिनीनं तिला सुट्टे पैसे परत दिले.

त्यानंतर ती दादाशी बोलायची, नाही असं नाही. दूध नासलंय. नळ गळतोय. गावाला चष्मे देणाऱ्या माझ्या भावाला हे दिसायला वर्ष लागलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एकदा माझ्याकडे बसून ती लाँड्रीतला किस्सा रंगवून सांगत होती, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दादा दारात दिसला आणि ती म्हणाली, "काही नाही, असंच." दादाचा चेहरा खाडकन उतरला. घरी जाताना जिन्यात मला म्हणाला, "मी तिची बोलती बंद केली गं." मी नाही म्हणाले नाही.

त्यानं ब्लॉग बंद करायचं ठरवलं. शेवटच्या पोस्टमध्ये काही लपवलं नाही. गाडीचं, आईचं, सगळं कबूल केलं. मी ऑफिसात बसून वाचलं आणि नाक पुसलं. खाली लोकांचा पूर आला होता. असा नवरा मिळायला भाग्य लागतं म्हणे!

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. वहिनी मटार सोलत होती. मीही दोन शेंगा उचलल्या. "वहिनी, काय सुंदर माफी मागितलीय दादानं!"

"कुणाची?" वहिनीनं विचारलं.

"ब्लॉगवर लिहिलंय सगळं, गाडीचं, आईचं," मी म्हणाले. तेवढ्यात दादा दुकानातून आला, आणि आमची तोंडं पाहून सगळं समजला.

"माफी माझी," वहिनी म्हणाली, "आणि मला सोडून सगळ्यांना पोचली?"

"अगं, मी तुला वाचून दाखवणारच होतो." त्याचा हात खिशाकडे गेला.

"वाचून नको."

दादानं फोन फ्रीजवर ठेवला. एरवी पानंच्या पानं लिहिणारा माणूस, पण त्याला पहिला शब्द सुचेना. मी उठायला हवं होतं, पण शेंगा सोलत बसले.

"तू मला सांगितलंस," तो कसाबसा म्हणाला. "दारात. मला एकट्याला. आणि मी ते..." कुकरची शिट्टी झाली आणि पुढचं तिच्यातच बुडालं.

वहिनी उठली. गॅस बंद केला, हात पुसले आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"थांबा," ती म्हणाली. "परत सांगा."