पांदण रुंद करण्याचा अर्ज

आमच्या गावातून तिरोड्याला जाणारी पांदण एकेकाळी बैलगाडीची होती. आता समोरून कुणी आलं तर एकाला मागे फिरावं लागतं. रोज सकाळी मी तिथून चालत जातो, तेव्हा एक शेतकरी कडेच्या आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, फावडं घेऊन उभा असतो. नाव मी कधी विचारलं नाही. मला पाहिलं की खांद्यावरचा दुपट्टा सारखा करतो आणि म्हणतो, "लोकाइनं रस्ता खाऊन टाकला जी."

बोलताना फावडं थांबत नाही. पाटवडी कापावी तशी तो पांदणीची कड कापतो आणि ढेकळं आपल्याकडे ओढतो. दरसाल त्याच्या धानाची एक ओळ वाढते. तरी त्याच्या आवाजातलं दुःख अगदी खरं असतं, आणि माझं डोकं त्यानंच फिरतं.

परवा त्याने खिशातून कागद काढला. पांदण रुंद करून मिळावी, असा तहसीलदारांना अर्ज. पहिली सही त्याचीच. दुसरी करायला मी थांबलो. दोन्ही पाय टेकायला वाटेवर जागा नव्हती, म्हणून एक बांधीत ठेवला.

तो केवढ्यांदा ओरडला, "धानात कायले उतरून राहिले जी? रस्त्यानं चाला ना!"