पऱ्हाटीचं फूल

विमलताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये चहा पीत होते. शिपायानं दारातूनच सांगितलं, "मेश्राम मॅडम गेल्या..." कप तसाच राहिला. महिना होत आला, पण अजूनही खरं वाटत नाही बघा.

सत्तर सालच्या सुमारास आमच्या नागपूरच्या कॉलेजात विज्ञान मराठीतून शिकवायचं ठरलं. ठरवणाऱ्यांचं काय जातं! पुस्तकं सगळी इंग्रजी. खेड्यावरून आलेली पोरं रडकुंडीला यायची, कॉलेज सोडून गावी परतायची. वनस्पतिशास्त्राच्या विमलताईंनी मग एकच धोशा लावला : प्रत्येक प्राध्यापकानं आपल्या नोट्स मराठीत लिहून द्याव्यात, आपण त्या सायक्लोस्टाइल करून वाटू. कुणाचं नाव नाही, ज्याला हव्या त्यानं घ्याव्या, सुधाराव्या, शिकवाव्या. मीही त्याच विभागात, त्यामुळे शाई माझ्याही हाताला लागली. पण खरा खजिना होता विभागप्रमुख ठोसर सरांकडे. त्यांच्या नोट्सना अख्ख्या शहरात तोड नव्हती, आणि सर त्या बायकोलाही दाखवत नसत! "आयुष्यभराची मेहनत मी काय चिवड्यासारखी वाटू?" म्हणाले. त्यांच्यावाचून आमचे पाठ लंगडे होते आणि परीक्षा तोंडावर आली होती.

अशात विमलताईंनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, कुळाचा पाठ काढला. पान हाती पडताच सर तरातरा आले. "अहो मेश्राम बाई, पुंकेसर सुटे? त्यांची नळी असते, नळी! विदर्भात राहून पऱ्हाटीचं फूल येत नाही?" मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. विमलताई शांतपणे म्हणाल्या, "चुकलंच सर. मग तुम्हीच काढून द्या ना." आणि कोरं स्टेन्सिल पुढे सरकवलं. सर फणकाऱ्यानं बसले. चित्र काढलं. मग शेजारचा परिच्छेद खटकला, तोही लिहिला. दुसऱ्या दिवशी नोट्सचा गठ्ठाच घेऊन आले! त्या वर्षी आमची पोरं टिकली, पास झाली. पुढे इतर कॉलेजांचे प्राध्यापकही पानं न्यायला येऊ लागले...

विमलताई मूळच्या सावनेरकडच्या. आईबरोबर शेतात राबून शिकलेल्या. त्यांना ते फूल येत नाही? छे! सरांना जाळ्यात ओढायला बाईंनी मुद्दाम चूक केली, असं आम्ही सगळे वर्षानुवर्षं कौतुकानं सांगत आलो. शेवटच्या भेटीत, दवाखान्यात, मी विचारलंच, "ताई, आता तरी सांगा. मुद्दामच ना?"

त्या हसल्या. "नाही वं कुंदा, खरंच चुकली होती मी. आम्ही दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचाले जात होतो. फुलाकडे कोण पाहते वं? नजर सारी बोंडावर..."

ज्या पिकात बालपण गेलं, त्यातच चुकलं म्हणून चारचौघांत सांगायला केवढी छाती लागते!

परवा वर्गात तोच पाठ होता. सरांचं चित्र मी बाजूला ठेवलं आणि वावरातून आणवलेली पिवळी फुलं बाकांवर वाटली. म्हटलं, "पोरींनो, आधी नीट पाहून घ्या वं."