तिला फायटर कोणी केलं

माझ्या मेहुण्याने माझ्या बायकोला फसवलं. सख्ख्या भावाने सख्ख्या बहिणीला. त्यासाठी त्याला खोटी सही करावी लागली नाही. एक इंग्रजी शब्द पुरला.

मी बनारसी साड्यांचा व्यापार करतो. वडील काशीच्या रामघाटावर भिक्षुकी करायचे; मला मंत्रांपेक्षा बाजार बरा वाटला. विणकरांच्या ओसरीवर बसून भाव करायला शिकलो, कोणाच्या ओळखीवर नाही. आजही एक म्हातारा विणकर मला पाहिलं की म्हणतो, "आ गए पंडितजी, आज चाय भी हमें अपनी जेब से पिलानी पड़ेगी." माझा आवाज चढतो, हे खरं. पण साडीत कुठे तार तुटली असेल तर ती मी आधी उलगडून दाखवतो, मग भावावर भांडतो.

लहानपणी फायटर म्हणजे आमच्यासाठी सिनेमात मार खाणारा माणूस. आखाड्यात उतरणाऱ्याला पहिलवान म्हणायचे, फायटर कोणी म्हणत नसे. पुढे हा शब्द कौतुकाचा झाला. व्यापाऱ्यांच्या एका जेवणात कोणीतरी माझी ओळख करून दिली, "बड़े फाइटर आदमी हैं." मी खूश झालो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "दुकान चाललं म्हणून फायटर. नसतं चाललं तर भांडकुदळ म्हणाले असते."

मग ती आजारी पडली. इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिचा धाकटा भाऊ बँकेतून निवृत्त झालेला, लखनौला राहतो, तो धावत आला. त्याचं इंग्रजी चांगलं, म्हणून डॉक्टरांशी तोच बोलायचा आणि मी खाली औषधांच्या रांगेत. एकदा मी वर आलो तर तो तिच्या पलंगाशी उभा होता.

"काय म्हणाले डॉक्टर?" मी विचारलं.

"ताई फायटर आहे म्हणाले. आणखी काय पाहिजे, भाऊजी?"

ती हसली. "मी कुणाशी भांडले रे? ते खातं यांच्याकडे."

त्या दिवसापासून तिला नावच नव्हतं. नर्स फायटर म्हणायची. मोबाइलवर नातेवाइकांचे निरोप यायचे, त्यांत मुठी आणि ढालींची चित्रं. उलटी आवरत नसली तरी भेटायला आलेल्यांसमोर ती मूठ वर करून दाखवायची.

आमच्या गल्लीतल्या मराठी घरांत एक रीत आहे. बाईला आपलं जाणं कळलं की ती ट्रंक उघडून बसते आणि लुगडी, साड्या आपल्या हाताने वाटते. ज्याला द्यायचं त्याला समोर बसवते, कुंकू लावते आणि त्यालाच का, ते सांगते. माझ्या आईने हिला हिरवा शालू दिला तेव्हा म्हणाली होती, "तुला, कारण तूच एक मला उलटून बोललीस." दोघी हसता हसता रडल्या. काशीत मरण कोणी झाकत नाही. भाजी घेताना मागून 'राम नाम सत्य है' ऐकू आलं की आम्ही बाजूला सरकतो आणि पुन्हा भाव विचारतो.

उपचारांच्या मध्ये चार दिवस ती घरी होती. तिने मला माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. मेहुण्याला म्हणाली, "तुझ्या लेकीला बोलावून घे. जांभळी तिला द्यायची आहे."

त्याने झाकण लावलं. "ताई, निगेटिव्ह बोलायचं नाही. फायटर लोक असं करतात का?"

"डॉक्टरांनी तुला काही सांगितलंय का? खरं सांग."

"सांगितलं ना. तू जिंकणार."

ती बराच वेळ झाकणावर हात ठेवून बसली. मग तिला पुन्हा इस्पितळात नेलं. तिथेच गेली, नाकात नळ्या असताना, कोणालाही काही न देता.

तेरावा झाल्यावर मी डॉक्टरांशी भांडायला गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "मैंने आपके साले साहब से पहले ही साफ़ कहा था, अब घर ले जाइए, दवा काम नहीं कर रही."

"और फाइटर?"

"वो उन्होंने कहा था. मैंने सिर हिला दिया होगा."

लढणाऱ्याला समोरच्याचं बळ सांगतात. घाटावरच्या कीर्तनात मी ऐकलेला प्रत्येक योद्धा रणात उतरला तो हे जाणून. शिवाय त्याला तह करता येतो. तहात आम्ही मराठी माणसं कमीपणा मानत नाही. तिला कोणी तह करू दिला नाही. मला कळलं असतं तर मी मरणाशीही भाव केला असता: इस्पितळातले दिवस घे, घरचे दे.

आमचं मराठी घरापुरतं. दिवसभर दुकानात हिंदी, संध्याकाळी उंबऱ्याच्या आत आल्यावर मराठी, तेही फक्त तिच्याशी. आता कधी कधी अख्खा आठवडा जातो आणि माझ्या तोंडून मराठीत एक वाक्य निघत नाही. स्वयंपाकघरात एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं, "अगं, मीठ कुठंय?" आवाज परका वाटला. पुन्हा तसं केलं नाही. भाजीवालीशी हल्ली जास्त वेळ घासाघीस करतो. तिला वाटतं, म्हातारा चिक्कू झाला.

मेहुणा दर महिन्याला फोन करतो. परवा म्हणाला, "ताई शेवटपर्यंत लढली, भाऊजी. मला अभिमान आहे." मी फोन ठेवला, नाहीतर शिवी गेली असती.

म्हणून हे लिहितो आहे, आणि त्याला पाठवणार आहे. तुझा अभिमान तुझ्याजवळ ठेव. तिने तुझ्या तोंडाकडे बघून विचारलं होतं, खरं सांग म्हणून. तुला खरं ठाऊक होतं. मरण तिचं होतं. ते तिच्यापासून लपवायचा हक्क तुला कोणी दिला? फोनवर नको. बनारसला ये, माझ्यासमोर बस आणि याचं उत्तर दे.